चपला कोणत्या दरवाज्याशी ठेवल्या होत्या?

प्रश्न

अकोल्याहून एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. वय ५३, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. यजमानांना प्रवासाची मुळीच आवड नाही, मुलं आपापल्या संसारात. आजवरचे सगळे प्रवास लग्नकार्याचे, नाहीतर बचत गटाच्या सहलीचे. गेल्या डिसेंबरात नाताळच्या सुटीला जोडून त्यांनी पहिल्यांदाच एकटीनं बाहेर पडायचं ठरवलं. तीन दिवस कोल्हापूर: अंबाबाईचं दर्शन, पन्हाळा, नृसिंहवाडी.

गाडी उशिरा आली, पोचेपर्यंत रात्रीचे आठ वाजले. मोबाइलवरून आगाऊ पैसे भरून ठेवलेल्या लॉजवर "एकट्या लेडीजला आम्ही रूम देत नाही" असं सांगून त्यांना परत पाठवलं. मोबाइलची बॅटरी सहा टक्के. बॅग ओढत दोन-तीन ठिकाणी फिरून शेवटी ऐपतीबाहेरच्या हॉटेलात उतरल्या. सकाळी ओटीचं साहित्य घेतलं त्याच दुकानात चपला ठेवल्या; दर्शन घेऊन बाहेर आल्या तर ते दुकान सापडेना. विचारायची लाज वाटली म्हणून पाऊण तास अनवाणी हिंडल्या. रिक्षाचे पैसे मोबाइलवरून जाईनात, रिक्षावाला चारचौघांत ओरडला. स्वच्छतागृहाच्या धास्तीनं पाणीच प्यायल्या नाहीत, दुपारी डोकं ठणकायला लागलं. पन्हाळा आणि वाडी सोडून त्या त्याच रात्री परतीच्या गाडीत बसल्या. घरी सांगितलं, "दर्शन छान झालं, गर्दी फार म्हणून लवकर आले."

आता बचत गटातल्या मैत्रिणी म्हणतात, तू एकटी जाऊन आलीस, आम्हालाही शिकव. ताई विचारतात: "मी त्यांना काय शिकवू? एकटीनं फिरणं माझ्या आवाक्यातलं नाही हे मान्य करून ही हौस इथेच थांबवावी का?"

उत्तर

ताई,

तुमचं पत्र चार पानांचं आहे आणि त्यात "माझंच चुकलं" हे पाच वेळा आलं आहे. लॉजवाल्यानं परत पाठवलं तिथेही, रिक्षावाला ओरडला तिथेही. मी कोल्हापुरात राहते, त्यामुळे पत्र वाचताना तुम्ही कुठल्या रस्त्यानं चालला असाल ते डोळ्यांसमोर येत होतं. आमच्या गावात कुणी पाऊण तास अनवाणी फिरावं आणि कुणाच्या लक्षात येऊ नये, याचं मला वाईट वाटलं. म्हणून आधी चुकांचा हिशेब नीट करू. मोबाइल चार्ज नव्हता, ही चूक तुमची. खोली नाकारली, ही चूक लॉजवाल्याची. चपलांचं दुकान सापडलं नाही, ते इथे जन्म काढलेल्यांचंही होतं. आणि पाणी न पिणं हे तर आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं आहे. त्याबद्दल पुढे बोलते.

त्याआधी तुमच्या पत्रातलं एक वाक्य. अनवाणी फिरण्याबद्दल लिहिताना तुम्ही म्हणता, "विचारलं असतं तर मग एकटीनं आले त्याला अर्थ काय?" माझ्या मते तुमची सहल मोडली ती इथे. एकटीनं जायचं म्हणजे कुणाला काही विचारायचं नाही, सगळं आपलं आपण निभवायचं, असं तुम्ही धरून चाललात. बचत गटाच्या सहलीत आपण दिवसभर काय करतो आठवा. बस किती वाजता, खोलीची किल्ली कुणाकडे, बाथरूमला गरम पाणी आहे का गं, जेवायला कुठे थांबणार. शंभरदा विचारतो. विचारतो आपल्याच माणसांना, म्हणून ते विचारणं वाटत नाही. एकटी निघालेल्या बाईला तेच प्रश्न परक्यांना विचारावे लागतात. म्हणजे तिला बोलावं लागतं ते जास्तच. कुठे जायचं, कधी उठायचं, कुठे थांबायचं हे तुमचं तुम्ही ठरवलंत, की तुमचा प्रवास एकटीचा झाला. वाट विचारल्यानं तो कमी होत नाही.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. वीसेक वर्षांपूर्वी परराज्यातल्या एका शहरात बसमध्ये माझी पर्स गेली. पैसे त्यात, पत्ता त्यात. मी बसस्थानकाच्या बाकावर दोन तास बसून राहिले, कुणी विचारलंच तर काही झालं नाही असा चेहरा करून. शेवटी औषधाच्या दुकानातल्या बाईंना कसंबसं सांगितलं. त्यांनी फार काही केलं नाही. आधी बसायला खुर्ची दिली, मग फोन पुढे सरकवला. पंधरा मिनिटांत वाट निघाली. ते दोन तास मी कशासाठी बसले होते, हे मला आजही उमगलेलं नाही. म्हणून तुमचा पाऊण तास मला कळतो.

विचारायचं कुणाला, हे मात्र शिकण्यासारखं आहे. जो स्वतःहून पुढे येऊन "कुठं जायचंय मॅडम?" म्हणतो, त्याला नको. जो आपल्या कामाला बसलेला आहे आणि उद्याही तिथेच सापडेल, त्याला विचारा. फुलवाली, मेडिकलवाला, एसटीची कंडक्टर, शाळेच्या फाटकाशी मुलांची वाट बघत उभी असलेली आई. एकाला विचारलं की थोडं पुढे जाऊन दुसऱ्यालाही विचारा. आमच्याकडे पत्ता रस्त्याच्या नावावरून क्वचितच सांगतात. पेठ, गल्ली आणि तालीम यांवरून सांगतात. "ह्या तालमीपास्नं सरळ जावा, तिथनं डावीकडं" असं कुणी म्हणालं तर तालमीचं नाव तेवढं पक्कं विचारून घ्या, पुढचा माणूस त्यावरूनच वाट सांगेल. शब्दही बदलतात. तुमच्याकडे जिला काळीपिवळी म्हणतात, तिला इथे वडाप म्हणतात. "वडाप मिळेल" असं कुणी सांगितलं तर भरेल तशी सुटणारी शेअर गाडी समजा. दिवसाउजेडी, सोबत बायका बसल्या असतील तर हरकत नाही. अंधार पडल्यावर एसटी किंवा रिक्षाच बरी.

आता चपला. अंबाबाईच्या देवळाला चारी दिशांना दरवाजे आहेत, आणि दर्शनाच्या रांगेत माणूस एवढा वळतो की बाहेर आल्यावर दिशेचं भान राहत नाही. देवीचं तोंड पश्चिमेला आहे, आणि पश्चिमेचा दरवाजा म्हणजे महाद्वार. किरणोत्सवात मावळतीची किरणं याच बाजूनं आत येऊन मूर्तीपर्यंत पोचतात. उत्तरेचा घाटी दरवाजा. ओटीची दुकानं सगळ्याच बाजूंना आणि सगळी सारखीच दिसणारी: तीच हिरवी खणं, तेच नारळ, त्याच बांगड्या. तेव्हा चपला ठेवल्या की लगेच आत शिरायचं नाही. दुकानाकडे पाठ करून एकदा समोर बघायचं. समोर काय दिसतं? पाटी, झाड, एखादं औषधाचं दुकान. दुकानदाराला विचारायचं, "हा कुठला दरवाजा?" आणि ते नाव मोठ्यानं एकदा म्हणायचं. मोबाइल चालू असेल तर पाटीचा फोटो. आणि तरीही चुकलं, तर पहिल्याच फुलवालीला म्हणायचं, "मावशी, चपला कुठल्या दरवाज्याला ठेवल्या तेच आठवत नाही." ती हसेल. आणि लगेच विचारेल, दुकानासमोर काय होतं.

लॉजबद्दल मला स्पष्ट बोलायचं आहे. एकट्या बाईला खोली देऊ नये असा कोणताही कायदा नाही. ओळखपत्र बघायचं, नोंद करायची, किल्ली द्यायची, एवढंच त्यांचं काम. पैसे घेऊन रात्री आठ वाजता बाईला दारातून परत पाठवणं हा अन्याय आहे, आणि तो माझ्या गावात झाला याची मला लाज वाटते. याच गावात १९०१ साली शाहू महाराजांनी शिकायला येणाऱ्या परगावच्या मुलांसाठी वसतिगृह उभं केलं, आणि मग एकामागून एक समाजांची बोर्डिंगं उभी राहिली. दसरा चौकात उभं राहिलं की त्यातली काही अजून दिसतात. परगावाहून आलेल्याला रात्री डोक्यावर छप्पर मिळालं पाहिजे, ही इथली जुनी रीत आहे. तुम्हाला नाकारणारा ती विसरला होता.

पण न्याय आणि त्या रात्रीची झोप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दारात उभं राहून भांडून खोली मिळालीही असती, तरी त्या खोलीत तुम्हाला डोळा लागला नसता. तुम्ही तिथून निघालात, हे मला पटतं. पटत नाही ते पैसे सोडून देणं. बुकिंग जिथून केलं तिथे तक्रार लिहा: तारीख, वेळ आणि "एकटी बाई म्हणून खोली नाकारली" हे शब्द जसेच्या तसे. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. हे काम अजूनही करता येईल, या आठवड्यात करा.

पुढच्या वेळी बुकिंग झालं की लॉजला थेट फोन लावा: "मी एकटी येणार आहे, गाडी उशिरा आली तर रात्रही होईल. चालेल ना? आपलं नाव काय?" नाव विचारलं की बोलणारा जबाबदारीनं बोलतो. मग तेच मेसेज करून ठेवा. देवळाच्या परिसरात भक्तनिवास आणि धर्मशाळा आहेत, तिथे एकट्या-दुकट्या बायकांची सवय असते; त्यांतल्या एकाचा नंबर दुसरा पर्याय म्हणून जवळ ठेवा. आणि शक्यतो दिवसाउजेडी पोचेल अशी गाडी धरा. गाडीला उशीर होतोच, म्हणून दुपारची धरली तर संध्याकाळ हाती राहते. रात्री कुठेच सोय लागली नाही तर रेल्वे स्थानकावर परत जा. तिथे उजेड आहे, प्रतीक्षालय आहे, रेल्वे पोलीस आहेत. भीती वाटेल असं काही घडलं तर ११२. त्यासाठी मोठा प्रसंगच घडायला हवा असं नाही, कुणी पाठीमागे येतंय असं वाटलं तरी पुरे. बायकांसाठी १८१ आणि रेल्वेत असताना १३९ हेही लिहून ठेवा.

"लिहून ठेवा" हे मी मुद्दाम म्हणते आहे. तुमचं सगळं त्या एका मोबाइलमध्ये होतं: तिकीट, लॉजचा पत्ता, नकाशा, पैसे, यजमानांचा नंबर. तो बंद पडला आणि तुम्ही एका क्षणात परक्या झालात. पोस्टकार्डाएवढा एक पुठ्ठा घ्या. एका बाजूला चार नंबर: घरचा, एखाद्या मैत्रिणीचा, उतरायच्या जागेचा, दुसऱ्या पर्यायाचा. दुसऱ्या बाजूला पत्ता, जवळच्या चौकासकट, आणि परतीच्या गाडीचा नंबर. तो पर्समध्ये ठेवायचा नाही, ब्लाउजच्या आतल्या कप्प्यात किंवा कमरेच्या पिशवीत ठेवायचा. सोबत ओळखपत्राची झेरॉक्स आणि पाचशेच्या दोन नोटा. पर्समध्ये वेगळे दहा-वीस-पन्नासचे सुटे पैसे, रिक्षा आणि चहासाठी. पॉवर बँक घ्याच, पण पुठ्ठ्याला चार्जिंग लागत नाही.

रिक्षात बसायच्या आधी दोन गोष्टी विचारायच्या: "मीटरनं की ठरवून?" आणि "रोख चालेल ना?" पैसे अडकतात ते मोबाइलच्या रेंजमुळे किंवा बँकेमुळे, ते काही तुमच्या हातात नाही. कुणी ओरडलंच तर "दादा, समोरच्या दुकानातून रोख घेऊन देते, थांबा" एवढं म्हणून त्या दुकानाकडे चालू लागा. माणूस ओरडतो तो पैसे बुडतील या भीतीनं.

आता पाणी. ताई, हे मला सगळ्यात जास्त टोचलं, कारण हे फक्त तुमचं नाही. शाळेच्या सहलीला, लग्नाच्या वऱ्हाडात, एसटीच्या प्रवासात आपण बायका सकाळपासून घसा कोरडा ठेवतो आणि त्याला शहाणपण म्हणतो. डिसेंबर असला तरी दुपारचं ऊन, गर्दी, उपाशी पोट आणि पाणी नाही, डोकं ठणकणारच. लघवी रोखून धरण्यानं आणि पाणी तोडण्यानं जंतुसंसर्ग होतो तो वेगळाच. तुम्हाला वाटलं प्रवास झेपला नाही. माझ्या मते तुम्हाला तहान लागली होती. दोन तांबे पाणी आणि तासभर पडून राहणं एवढ्यावर पन्हाळा वाचला असता.

तेव्हा स्वच्छतागृहाची सोय हा प्रवासाच्या आखणीतला पहिला मुद्दा करा, देवदर्शनाच्याही आधी. सकाळी लॉजवर विचारा, देवळाजवळ बायकांसाठी चांगली सोय कुठे आहे. काउंटरवरच्या माणसाला विचारायला अवघड वाटलं तर खोली झाडायला येणाऱ्या मावशींना विचारा, त्यांना नेमकं माहीत असतं. चहा-नाश्त्याला हॉटेल निवडताना बसण्याआधीच विचारा, "स्वच्छतागृह आहे का?" नसेल तर पुढचं हॉटेल. पेट्रोल पंपावरही बहुधा स्वच्छतागृह असतं. कुलूप असेल तर किल्ली मागायची, संकोच करायचा नाही. पिशवीत कागदी साबण, टिश्यू आणि एक जुना रुमाल. आणि दर दोन तासांनी गरज असो-नसो, सोय दिसली की जाऊन यायचं.

खाण्याचं फार लांबवत नाही. मिसळ मागवताना "कट वेगळा द्या" म्हणा, म्हणजे तिखट आपल्या हातात राहतं. एकटीनं जेवायला संकोच वाटत असेल तर खानावळ गाठा, तिथे सगळेच एकेकटे जेवत असतात.

दिवसही जरा बघून निवडा. नाताळच्या सुटीत कोल्हापूर तुडुंब भरलेलं असतं, लॉजवाल्याला गिऱ्हाईक गमावण्याची भीती उरत नाही. मंगळवार-शुक्रवारी अंबाबाईला गर्दी जास्त, रविवारी जोतिबाला. जुलै-ऑगस्टमध्ये यायचं असेल तर पंचगंगेच्या पातळीची बातमी बघून निघा. राजाराम बंधाऱ्याजवळ ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका. २०१९ आणि २०२१ला पाणी वाढल्यावर महामार्गच बंद झाला होता.

आता तुमचा खरा प्रश्न: हौस थांबवावी का? थांबवली तरी काही बिघडत नाही. एकटीनं फिरलंच पाहिजे असं कुठे आहे? काही जणींना खरोखरच चार जणींत बरं वाटतं, आणि तेही फिरणंच आहे. पण तुमच्या पत्रात एक ओळ आहे: पहाटे गाडीत सगळे झोपलेले असताना तुम्ही खिडकीशी बसून दोन तास बाहेर बघत होतात आणि "कुणासाठी डबा उघडायचा नव्हता". ज्या बाईनं ही ओळ लिहिली, तिला सोबत हवी आहे असं मला वाटत नाही.

मधला मार्ग हवा असेल तर बचत गटाबरोबर सहलीला जा आणि त्यातला एक पूर्ण दिवस एकटीचा ठेवा. रात्री परत मैत्रिणींत. किंवा आधी शेगाव करून या, तुमच्यापासून तासाभराचा रस्ता, सकाळी जाऊन संध्याकाळी घरी. मला विचाराल तर तुम्ही कोल्हापूरलाच परत यावं. आता हे गाव तुम्हाला अनोळखी राहिलेलं नाही. स्टेशनवरून बाहेर कसं पडायचं, कुठल्या लॉजवर जायचं नाही, देवळाला किती दरवाजे आहेत, हे तुम्हाला कळलं आहे. नव्या गावात हे सगळं पहिल्यापासून करावं लागेल.

त्याआधी घरचं तेवढं मोकळं करा. तुम्हाला रात्री झोप लागत नाही ती कोल्हापुरामुळे नाही, "दर्शन छान झालं" या वाक्यामुळे, असं मला वाटतं. तुम्हाला भीती आहे की यजमान म्हणतील, मी सांगितलं होतं. म्हणतीलही. म्हणू द्या. मग त्यांना पुठ्ठा दाखवा आणि पुढची तारीख सांगा. त्यांची परवानगी मागू नका, त्यांच्यावर काम सोपवा: रोज रात्री नऊला फोन, आणि फोन नाही आला तर कुणाला विचारायचं ते दोन नंबर. काळजी करणाऱ्या माणसाला काम दिलं की त्याची काळजी आटोक्यात राहते.

आणि मैत्रिणींना काय शिकवायचं? तुम्ही मला लिहिलेलं हेच पत्र वाचून दाखवा, पाचही "माझंच चुकलं" वगळून. सहा टक्के बॅटरी, अनवाणी पाऊण तास, ओरडणारा रिक्षावाला, सगळं. त्यांच्यातली एखादी तरी म्हणेल, माझंही असंच झालं होतं गं. ज्या बाईचं सगळं सुरळीत झालं, तिच्याकडे शिकवण्यासारखं यापेक्षा कमी असतं.

याल तेव्हा पन्हाळा चुकवू नका. एसटी मध्यवर्ती बसस्थानकातून सुटते, रेल्वे स्थानकापासून ते पायी जाण्याइतकं जवळ आहे. अंतर विसेक किलोमीटर, आणि २०२३च्या मार्चपासून बायकांना एसटीत अर्धंच तिकीट. शेवटच्या बसची वेळ उतरल्या उतरल्या कंडक्टरला विचारून पुठ्ठ्यावर लिहून घ्या. वर गेल्यावर अंबरखाना, सज्जा कोठी आणि तीन दरवाजा. एवढं सावकाश पायी बघायला अर्धा दिवस लागतो. सज्जा कोठीच्या वरून खालचं खोरं दिसतं, तिथे जरा बसा. बाटली भरलेली असू द्या, आणि या वेळी पाणी प्या.